नेम चुकतो, माणूस बाद होत नाही



आपल्या चर्चच्या सभागृहात रविवारी संध्याकाळी तरुणांसाठी इंग्रजी संभाषणाचा वर्ग चालतो, हे आपणांस ठाऊक आहे. सोलापूरची मुले हुशार आहेत, कष्टाळू आहेत. घरी तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत मराठी, बाजारात हिंदी अशा तीन-तीन भाषा सहज बोलतात. पण पुण्याला मुलाखतीला गेली की इंग्रजीपाशी अडखळतात. म्हणून हा वर्ग सुरू केला. सिस्टर व्याकरण शिकवतात आणि शब्दसंग्रह आमच्याकडे आहे.

गेल्या वर्षी आम्ही मुलांसाठी एक कागद तयार केला. विषय होता, ध्येय ठरवणे आणि गाठणे. मुलाखतीत हमखास विचारतात ना, तुमचा गोल काय, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता! तेव्हा डावीकडे इंग्रजी आणि उजवीकडे मराठी अशी यादी केली. सेट अ गोल, स्टे फोकस्ड, ओव्हरकम ॲन ऑब्स्टॅकल, मीट अ डेडलाइन, अचीव्ह सक्सेस. शेवटी विरुद्धार्थी शब्दांची जोडी दिली होती, सक्सेस आणि फेल्युअर. मुलांनी कागद पाठ केला आणि आम्हीही खूश झालो.

जूनमध्ये निकाल लागले. एके दिवशी संध्याकाळच्या मिस्सानंतर दिवे मालवताना पाहिले, तर वर्गातला एक मुलगा चर्चच्या पायरीवर बसून होता. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची त्याची दुसरी खेप होती आणि गुण पुन्हा कमी पडले होते. आम्ही शेजारी बसलो. बराच वेळ तो बोलला नाही. मग खाली मान घालून इंग्रजीत म्हणाला, आय ॲम अ फेल्युअर.

महिनोन्‌महिने आम्ही त्या मुलाकडून इंग्रजीत एक पूर्ण वाक्य काढण्याची खटपट करीत होतो. त्याचे पहिले बिनचूक वाक्य हे निघाले, आणि त्यातला शब्द आमच्याच कागदावरचा होता. त्या रात्री आम्ही त्याला एकटे घरी जाऊ दिले नाही. त्याच्या परवानगीने, नाव न सांगता, आम्ही हे लिहीत आहोत. कारण प्रश्न एका मुलाचा नाही. ज्या शब्दांनी आपण मुलांना पुढे ढकलतो, तेच शब्द त्यांना खाली पाडत असतील, तर ते शब्द शिकवावेत का? शिकवायचे तर कसे?

आधी हे शब्द आले कुठून ते पाहू. गोल या इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ हद्द, आणि पुढे धावण्याच्या शर्यतीतली शेवटची खूण. टार्गेट म्हणजे मूळची लहान गोल ढाल. तशीच गोल वस्तू नेमबाजीसाठी लावू लागले आणि तिला ते नाव पडले. करिअर म्हणजे गाड्या धावण्याचा रस्ता. अचीव्ह हा शब्द फ्रेंचमधून आला. एखादे काम त्याच्या डोक्यापर्यंत, म्हणजे शेवटापर्यंत नेणे असा त्याचा भाव आहे. आपण मराठीत तडीस नेणे म्हणतो. तड म्हणजे काठ. त्यांनी डोके पाहिले, आपण नदीचा काठ पाहिला, एवढाच फरक. डेडलाइन हा शब्द अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1864 च्या सुमारास, कैद्यांच्या छावण्यांत रूढ झाला. आत एक रेघ आखलेली असे, आणि ती ओलांडणाऱ्या कैद्याला गोळी घातली जाई. आज आपण हा शब्द शाळेच्या प्रकल्पाच्या वहीवर लिहितो.

सक्सेस या शब्दाचा प्रवास सर्वांत बोलका आहे. लॅटिनमध्ये त्याचे मूळ मागून येणे असे आहे. जुन्या इंग्रजीत कामामागून जे येईल ते सक्सेस, मग ते बरे असो की वाईट. चांगला सक्सेस आणि वाईट सक्सेस असे दोन्ही म्हणत. फेल्युअर हा शब्दही आधी घटनेसाठी, विशेषतः व्यापार बुडण्यासाठी होता. खुद्द माणसालाच फेल्युअर म्हणण्याची रीत एकोणिसाव्या शतकात पसरली. त्याआधी माणसाचा धंदा बुडे. आता धंद्याबरोबर माणूसही बुडू लागला.

विसाव्या शतकात हे शब्द कारखान्यांच्या आणि कंपन्यांच्या कारभारात शिरले. पीटर ड्रकर यांनी 1954 साली व्यवस्थापनावरील आपल्या पुस्तकात उद्दिष्टे ठरवून काम करण्याची पद्धत मांडली. 1981 साली जॉर्ज डोरन यांनी एका व्यवस्थापन मासिकात उद्दिष्ट कसे लिहावे याचे पाच निकष दिले. त्यांच्या आद्याक्षरांवरून स्मार्ट गोल हा शब्द निघाला. उद्दिष्ट नेमके असावे, मोजता यावे, त्याला मुदत असावी, असे ते निकष. लेखाच्या शीर्षकातच त्यांनी स्पष्ट केले होते की ही व्यवस्थापनाची उद्दिष्टे आहेत. पण हळूहळू तीच मोजपट्टी कचेरीतून घरात आली आणि दहावीतल्या मुलाच्या भिंतीवर चिकटली.

म्हणून हे शब्द वाईट, असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे आपल्या शहरात तरी अन्यायाचे होईल. सोलापुरात हजारो स्त्रिया बिड्या वळून घर चालवतात. मांडीवर सूप, सुपात पान, तंबाखू आणि दोरा. मजुरी हजार बिड्यांमागे मोजली जाते. त्या माउलीचे टार्गेट रोज ठरलेले असते, पण ते तिने ठरवलेले नसते. तुला काय व्हायचे आहे, हा प्रश्न तिला लहानपणी कोणी विचारलाच नाही. तिच्या घरी नशीब हा एकच शब्द होता. आज तिची मुलगी आमच्या वर्गात उभी राहून, माझा गोल नर्स होण्याचा आहे, असे म्हणते, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या बंद असलेले एक दार उघडते. हा शब्द इंग्रजी आहे म्हणून आम्ही तिच्या तोंडून काढून घ्यायचा की काय? मुळीच नाही.

आणखी एक कबुली द्यायला हवी. आपल्या मराठी बोलण्यात यश आपण मिळवतो त्यापेक्षा ते आपल्याकडे येते अधिक. मला यश मिळाले, मुलीला नोकरी लागली, गणित जमले, काम झाले. अशा बोलण्यात मी थोडा बाजूला उभा असतो. या वळणात एक नम्रता आहे. आपल्या हाती सगळे नाही, काही वरून मिळते, हे आपल्या क्रियापदांना ठाऊक आहे. पण याच वळणाआड आपण लपतोही. अभ्यास झाला नाही, मुलाचे ॲडमिशनचे राहून गेले, वेळच मिळाला नाही. कोणी केले नाही, ते वाक्यात कुठेच दिसत नाही! मी हे काम शुक्रवारपर्यंत करीन, असे इंग्रजी वळणाचे सरळ वाक्य अशा वेळी अधिक प्रामाणिक असते. ते शिकण्यात कमीपणा नाही.

मग चूक कुठे झाली? आमच्या मते, आमच्या कागदाच्या शेवटच्या जोडीत. त्यासाठी आपल्याच भाषेतला एक साधा शब्द पाहू या. तो शब्द नेम.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत फुग्यांवर बंदूक मारण्याचे स्टॉल लागतात. आपल्यापैकी कितीतरी जणांनी तिथे लहानपणी हौस भागवली असेल. छर्रा फुग्याला लागला नाही, तर आजूबाजूचे काय म्हणतात? नेम चुकला. पोरगा चुकला, असे कोणी म्हणत नाही. तो पुन्हा बंदूक खांद्याला लावतो, आणि सगळे पुन्हा पाहू लागतात.

या एका शब्दाला मराठीत तीन अंगे आहेत. नेम धरणे म्हणजे लक्ष्यावर दृष्टी ठेवणे. नेमाने करणे म्हणजे रोज न चुकता करणे. आजी नेमाने पहाटे उठून माळेची प्रार्थना म्हणते, तो तिचा नेम. आणि पावसाचा नेम नाही असे म्हणतो तेव्हा नेम म्हणजे खात्री. आपला जिल्हा दुष्काळी, म्हणून हे तिसरे अंग आपल्याला चांगले ठाऊक आहे. शेतकरी नेम धरतो, नेमाने नांगरतो, पेरतो, आणि तरीही पावसाचा नेम नसतो. पीक गेले म्हणून कोणी त्या शेतकऱ्याला वाया गेलेला माणूस म्हणत नाही. पहिली दोन अंगे आपल्या हाती आहेत, तिसरे नाही. आम्ही मुलांना गोल शिकवला. रोजचा नेम थोडाफार शिकवला. पण नेम नसणे म्हणजे काय, हे शिकवायचे राहून गेले. पाहा, इथेही आम्ही राहून गेले म्हणालो. आम्ही ते शिकवले नाही.

आता एक गोष्ट तत्त्वज्ञानाची. सेमिनरीत असताना आम्हांला ॲरिस्टॉटल शिकवला गेला. आपल्या नीतिशास्त्राच्या सुरुवातीलाच तो धनुर्धराचे उदाहरण देतो. डोळ्यांसमोर लक्ष्य असले, तर योग्य ठिकाणी लागण्याचा संभव अधिक, तसेच जीवनाच्या अंतिम हेतूचे ज्ञान असले तर जगणे सुधारते, असा त्याचा आशय. म्हणजे ध्येय असावे, हे तो आमच्या कागदाच्या तेवीस शतके आधी सांगून गेला. पण पुढे तो एक भेद करतो. वैद्य रोग्याला बरे करावे की नाही, यावर विचार करीत बसत नाही, तर कसे करावे यावर करतो. बरे करणे हा हेतू, बाकी सारे त्याकडे जाण्याचे मार्ग. संत थॉमस अक्वायनस यांनी हाच धागा पुढे नेला. आपले लहान-लहान हेतू एका अंतिम हेतूकडे वळलेले असतात, आणि तो अंतिम हेतू म्हणजे परमेश्वर.

मराठीत हे समजावणे सोपे आहे. साध्य आणि साधन हे दोन शब्द एकाच धातूपासून आलेले, सख्ख्या भावंडांसारखे. भावंडांची गल्लत होते तशी यांचीही होते. प्रवेशपरीक्षा हे साधन. डॉक्टर होणे हेही खरे तर साधन. दुखणाऱ्याचे दुखणे हलके करणे हे साध्य, आणि त्याहून वरचे साध्य परमेश्वर आणि शेजारी यांच्यावर प्रीती. साधन हातातून गेले तर वाईट वाटणारच, रडू येणारच. पण साधन गेले म्हणून साध्य जात नाही. त्याकडे जाणारा दुसरा रस्ता असतो, तो कदाचित लांबचा असेल, एवढेच.

नव्या कराराच्या ग्रीक भाषेत पापासाठी जो शब्द येतो, त्याचा जुना अर्थ नेम चुकणे असा आहे. हिब्रू भाषेतही तसेच आहे. शास्ते या पुस्तकात बन्यामीन वंशातल्या सातशे डावखुऱ्या गोफणवाल्यांचा उल्लेख आहे. केसाएवढ्या खुणेवर मारलेला त्यांचा धोंडा चुकत नसे. तिथे चुकण्यासाठी जो शब्द वापरला आहे, तोच इतरत्र पापासाठी येतो. यावर थोडे थांबून विचार करावा. पाप ही माणसाच्या हातून होणारी सर्वांत मोठी चूक. तीसुद्धा पवित्र शास्त्र चुकलेल्या नेमासारखी सांगते. पापी माणसालाही प्रभू येशू टाकाऊ म्हणत नाही, ऊठ म्हणतो. मग परीक्षेत काही गुण कमी पडलेल्या मुलाला बाद ठरवण्याचा अधिकार आम्हांला, तुम्हांला किंवा त्याचा त्याला कोणी दिला? बिडी कारखान्यात खराब बिडी वेगळी काढून टाकतात. तिथे ती रीत असेल, पण घरात मुलांची अशी निवड करायची नसते.

ध्येय बदलले म्हणजे जीवन फुकट गेले, असे मानणाऱ्यांनी आपल्याच शहराकडे पाहावे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म 1910 साली सोलापुरात झाला. मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेतल्यावर त्यांच्यासमोर पुढील शिक्षणाची वाट होती. 1938 साली युद्धात होरपळणाऱ्या चीनमध्ये भारतातून पाच डॉक्टरांचे पथक निघाले आणि ते त्यात सामील झाले. बाकीचे चौघे मायदेशी परतले. कोटणीस तिथेच राहिले, जखमी सैनिकांची सेवा करीत, आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता, असे त्यांना 1937 साली कोणी विचारले असते, तर त्यांनी काय उत्तर दिले असते? आजच्या मोजपट्टीने त्यांचे करिअर अर्धवट राहिले. पण दुखणाऱ्याचे दुखणे हलके करण्याचे साध्य त्यांच्या हातून सुटले, असे त्यांचे स्मारक पाहणारा कोणीही म्हणणार नाही.

दुसरे उदाहरण अगदी जवळचे आहे. आपल्या बिडी कामगार भगिनींना वाटले, हक्काचे घर असावे. एकेकटीच्या मजुरीतून ते होणे नव्हते. त्या एकत्र आल्या, वर्षानुवर्षे मोर्चे काढले, अर्ज केले, थोडे-थोडे पैसे जमवले. कुंभारीजवळ गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार घरे उभी राहिली आणि 2006 साली ती कामगारांना मिळाली. पुढे रे नगरचा तीस हजार घरांचा प्रकल्प आला आणि जानेवारी 2024 मध्ये त्यातल्या पहिल्या पंधरा हजार घरांचा ताबा देण्यात आला. कोणाचे राजकारण कोणते, हा इथे विषय नाही. आम्हांला एवढेच दाखवायचे आहे की आमच्या कागदावरची सगळी वाक्ये मी या शब्दाने सुरू होत होती. आम्ही असे म्हणूनही ध्येय ठरवता येते, हे त्यात कुठेच नव्हते. एकटीचा नेम चुकला तरी शेजारणीचा हात धरलेला असतो, हे त्या भगिनींना आमच्याआधी कळले होते.

संत पौलाचेही असेच झाले. बिथुनियात जावे असा त्याचा बेत होता. तो बेत फसला, आत्म्याने त्याला तिकडे जाऊ दिले नाही, असे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात सांगितले आहे. वाट बदलून तो समुद्रापार मासेदोनियात गेला आणि फिलिप्पै या शहरी पोहोचला. पुढे तुरुंगात असताना त्याने फिलिप्पैकरांना पत्र लिहिले. त्यात तो म्हणतो की मागचे विसरून मी लक्ष्याकडे धावतो आहे. पण त्याआधी तो कबूल करतो की मी अजून ते गाठलेले नाही, आणि ख्रिस्ताने मला आधीच आपल्या हाती धरले आहे म्हणून मी धावतो. ज्या लोकांना त्याने हे लिहिले, ते त्याला भेटले कसे? आधीचा बेत फसला म्हणून!

आम्ही आमचा कागद दुरुस्त केला आहे. शब्द सगळे ठेवले आहेत, कारण मुलाखतीत ते लागतात. फेल्युअर हा शब्दही ठेवला आहे. पण समोर सूचना लिहिली आहे की हा शब्द कामासाठी, प्रयत्नासाठी वापरावा, माणसासाठी नव्हे. आय फेल्ड द एक्झाम, हे वाक्य पाठ करून घेतो. मराठीत आपण नापास झालो म्हणतो, तसेच ते. झालो म्हणजे एकदा झालो, पुढे आणखी काही होता येते. शिवाय प्रत्येकाने आपल्या गोलखाली तीन ओळी लिहायच्या. हे कोणासाठी? यासाठी रोजचा नेम कोणता? आणि हे नाही झाले, तर याच साध्याकडे जाणारी दुसरी वाट कोणती? तिसरी ओळ लिहायला मुले सर्वांत जास्त वेळ घेतात. घेऊ द्यावा.

आईवडिलांना आमची एक कळकळीची विनंती. मूल स्वतःविषयी असे शेवटचे शब्द बोलू लागले, जेवेनासे झाले, गप्प बसू लागले, तर त्याला एकटे सोडू नका. उपदेश नंतर करा, आधी शेजारी बसा. डॉक्टरांची, समुपदेशकांची मदत घेण्यात लाज नाही. आमचे दार तर रात्री केव्हाही वाजवा. आणि त्याच्या गुणांचा आकडा नातेवाइकांना सांगण्याआधी त्याला विचारा.

तो मुलगा अजून वर्गाला येतो. सध्या तो प्रयोगशाळा तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम शिकतो आहे. पुन्हा प्रवेशपरीक्षा द्यायची की नाही, हे त्याने ठरवलेले नाही. ठरव म्हणून आम्ही त्याच्या मागे लागलेलो नाही. परवा नव्या मुलांना कागद वाटताना त्याने फेल्युअरसमोरची सूचना मोठ्याने वाचून दाखवली, आणि पुढच्या शब्दाकडे वळला.

या आठवड्यात प्रत्येक घरात एक गोष्ट करावी. रात्रीच्या प्रार्थनेनंतर मुलांना, किती मार्क पडले, असे न विचारता, आज कशात नेम चुकला, हे विचारावे. आणि त्याआधी स्वतःचा चुकलेला एक नेम त्यांना सांगावा.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू